"शुगर होती म्हणून गेला", पण कोणती शुगर?

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ च्या टायमाला, लातूर म्हणा नांदेड म्हणा बीड म्हणा, कुणी गेल्याचा फोन आला की पुढचं वाक्य ठरलेलं असायचं, "त्यांना शुगर होती ना", नाहीतर "अंगानं जरा भारीच होते ते". विषय तिथंच संपायचा, जसं काय शुगर होती म्हणजे माणूस जाणारच होता. मी डॉक्टर नाही, तालुक्याच्या गावात लॅबमधे असतो, पण त्या दिवसांत सीआरपी, फेरीटीन (अंगातली सूज दाखवणाऱ्या टेस्ट), डी-डायमर (रक्ताच्या गुठळीची टेस्ट), शुगर असे रिपोर्ट काढून काढून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की हे वाक्य अर्धंच आहे. कोणती शुगर? दहा वर्षांपासूनची? ॲडमिट झाले त्या दिवशीची? का दवाखान्यात स्टेरॉईड चालू झाल्यावर चढलेली? तिन्ही वेगळ्या आहेत, तिन्हींचा परिणाम वेगळा आहे, आणि त्यातली एक तरी अशी आहे की जिच्यावर दवाखान्यात असताना पण बरंच काही करता येतंय. वजनाचं पण तसंच, काट्यावर किती आणि पोटावर किती ह्यात लई फरक आहे.

आधी भीती थोडी कमी करू. फ्रान्समधे मार्च २०२० ला कोरोनॅडो नावाचा अभ्यास झाला, ५३ दवाखाने, १३१७ पेशंट, सगळे शुगरवाले आणि सगळे कोरोनानं ॲडमिट झालेले, सरासरी वय सत्तरच्या आसपास. तेव्हा लस नव्हती, कोणतं औषध चालतंय ते पण कुणाला माहीत नव्हतं. तरी सात दिवसांत साधारण १० टक्के गेले, व्हेंटिलेटर किंवा मृत्यू ह्यातलं एक काहीतरी २९ टक्क्यांच्या वाट्याला आलं. नंतर हाच अभ्यास वाढवून जास्त पेशंट घेऊन २८ दिवसापर्यंत बघितलं तर निम्मे घरी गेलेले आणि पाचातला एक गेलेला. आकडा वाईटच आहे, मी त्याला बरा म्हणणार नाही, पण सत्तरीतले शुगरवाले, ते पण ॲडमिट व्हायची पाळी आलेले, त्यातले पाचातले चार २८ व्या दिवशी जिवंत होते हे पण त्याच आकड्यात आहे. आणि एक लक्षात असू द्या, कोरोनात सगळ्यात मोठा धोका वयाचा होता, शुगर आणि वजन त्याच्यावर भर घालणारे. ३५ वर्षाचा शुगरवाला आणि ७५ वर्षाचा बिनशुगरचा, ह्या दोघात काळजी कुणाची जास्त असं विचारलं तर बहुतेक वेळा ७५ वाल्याचीच.

आता वजन. वजनाचा परिणाम सगळ्यात आधी कुठं दिसतो तर श्वासात, आणि हे समजायला मेडिकलचं काही शिकायची गरज नाही. आपल्या छातीच्या खाली, पोटाच्या वर एक पडद्यासारखा स्नायू असतो, श्वास घेताना तो खाली सरकतो आणि फुफ्फुसाला फुगायला जागा मिळते. पोट मोठं असलं, आत चरबी दाटलेली असली, की पेशंट पाठीवर झोपल्यावर ती सगळी चरबी त्या पडद्याला वर ढकलते, म्हणजे ज्वारीचं पोतं पोटावर ठेवून झोपल्यासारखंच झालं. फुफ्फुसाचा खालचा मागचा भाग दबून बसतो, तिथं हवा पोचतच नाही, रक्त मात्र तिथूनच जास्त वाहत असतं, त्यामुळं ते रक्त ऑक्सिजन न घेताच पुढं जातं. धडधाकट असताना हे खपून जातं, माणूस जिना चढताना धापतो तेवढंच. पण कोरोनाचा न्यूमोनिया पण बहुतेक करून फुफ्फुसाच्या त्याच खालच्या-मागच्या भागात बसायचा, म्हणजे जो भाग आधीच अर्धा बंद होता त्याच्यातच आजार शिरला. म्हणून जाड पेशंटचं ऑक्सिमीटर ९४ वरून ८६ वर यायला वेळ लागायचा नाही, नातेवाईक म्हणायचे सकाळी तर बोलत होते हो.

म्हणूनच ते पालथं झोपवायचं होतं बघा, प्रोनिंग. पालथं झालं की मागचा दबलेला भाग उघडतो. पण ज्याचं पोट मोठं त्यालाच पालथं झोपणं जड, दहा मिनिटात उठून बसायचे, छातीखाली उशी, कमरेखाली उशी, पोट मधे मोकळं सोडायचं असं करून जमवावं लागायचं, आणि एका नर्सकडं तीस-चाळीस पेशंट असताना उशा कोण लावणार. शिवाय व्हेंटिलेटरची वेळ आली तर जाड मानेच्या माणसाच्या घशात नळी घालणंच अवघड, त्यात जे रात्री मोठ्यानं घोरतात आणि घोरता घोरता श्वास थांबतो त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा ऑक्सिजन रात्रीचा आधीपासूनच घसरत असतो.

फ्रान्समधल्याच लील शहरात २०२० ला आयसीयूतले १२४ पेशंट बघितले. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती त्याचं माप, ३५ च्या वर असलेल्यांपैकी जवळपास ८६ टक्क्यांना व्हेंटिलेटर लागला. २५ च्या खालच्यांशी तुलना केली तर व्हेंटिलेटर लागायची शक्यता सात पट, आणि हे वय, शुगर, बीपी सगळं हिशोबात धरून. न्यूयॉर्कला ६० च्या आतल्या पेशंटचं बघितलं तर बीएमआय ३० ते ३४ वाले तसल्याच वयाच्या ३० च्या खालच्या माणसापेक्षा दुप्पट ॲडमिट झाले. ही गोष्ट महत्त्वाची आहे, वजनाचा फटका तरुणांना जास्त बसला, म्हाताऱ्यात वयच एवढं भारी पडतं की वजनाचा भाग त्यात झाकून जातो. आपल्याकडं "तो तर पस्तीसचाच होता, काही आजार नव्हता" अशा ज्या गोष्टी ऐकल्या त्यातल्या किती जणांचं वजन कुणी मोजलं होतं? वजनाला आपण आजार म्हणतच नाही, खात्यापित्या घरचा म्हणतो.

आणि हे पहिल्यांदाच कळलं असं पण नाही. २००९ च्या स्वाईन फ्लूत, ज्याची धास्ती पुण्यापासून पार आपल्याकडच्या खेड्यांपर्यंत आली होती, तेव्हाच जगभरच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की जाड माणूस जास्त सीरियस होतोय. दहा वर्ष मिळाली होती.

पण चरबी म्हणजे नुसतं ओझं असतं तर बरं होतं. चरबी ही जिवंत असते हो. आपल्याला वाटतं साठा करून ठेवलेलं तूप आहे, तसं नाही, त्यातल्या पेशी दिवसभर रक्तात काही ना काही सोडत असतात. विशेष करून आतड्याभोवतीची, लिव्हरभोवतीची आतली चरबी. तिच्यात प्रतिकारशक्तीच्या पेशी घुसून बसलेल्या असतात आणि त्या आयएल-६ सारखे सूज वाढवणारे पदार्थ कायम थोडे थोडे सोडत राहतात. आता कोरोनात दुसऱ्या आठवड्यात काय व्हायचं, व्हायरस कमी व्हायला लागायचा आणि आपलंच शरीर खवळायचं, त्यालाच सायटोकाईन स्टॉर्म म्हणत होते, त्यात हेच आयएल-६ आघाडीवर. मी जो सीआरपी काढायचो तो ह्याच आयएल-६ च्या सांगण्यावरून लिव्हर बनवतं. म्हणजे ज्याच्या अंगात आधीच ही आग मंद पेटलेली आहे त्याच्याकडं भडका लवकर उडतो आणि मोठा उडतो. पुन्हा सुरुवातीला व्हायरसला अडवायला जो झटपट रिस्पॉन्स लागतो, इंटरफेरॉनचा, तो जाड माणसात उशिरा आणि कमजोर येतो असं दिसलंय. म्हणजे जेव्हा लढायचं तेव्हा सुस्त आणि जेव्हा थांबायचं तेव्हा सुसाट. स्टॅनफर्डच्या लोकांनी तर २०२२ मधे दाखवलं की व्हायरस चरबीच्या पेशीत आणि तिथल्या प्रतिकार पेशीत पण शिरतो.

तिसरं रक्ताच्या गुठळ्या. चरबीतून असा पण एक पदार्थ निघतो जो झालेली गुठळी विरघळू देत नाही. कोरोना रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला खरवडायचा, शुगरनं ते अस्तर आधीच खराब झालेलं असायचं, वजनानं रक्त गोठायला मदत, आणि पेशंट आठ दिवस पलंगावर पडून. डी-डायमर वाढला की डॉक्टर पोटात रक्त पातळ करायचं इंजेक्शन द्यायचे ते ह्याच्यासाठी. जाता जाता एक सांगतो, हेपरीनसारख्या इंजेक्शनचा डोस बऱ्याचदा वजनावर ठरतो, टोसिलिझुमॅब, आयएल-६ ला अडवणारं इंजेक्शन, ज्याच्यासाठी लोकांनी शेत विकायला काढलं होतं त्याचा डोस पण किलोवरच ठरतो, आणि त्या गडबडीत कितीतरी पेशंटचं वजन काट्यावर झालंच नव्हतं, नातेवाईकाला विचारायचे, "किती असेल हो?" तो म्हणायचा असेल सत्तर-पंच्याहत्तर.

आता कुणी म्हणेल आपल्या मराठवाड्यात कुठं एवढे जाड लोकं आहेत, इथं तर ऊसतोडीला जाणारा माणूस, हाडं दिसतात. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो त्यामुळं जरा थांबून सांगतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी ह्यावर आयुष्यभर काम केलंय. त्यांचा एक फोटो आहे, २००४ मधे लॅन्सेटला छापून आलेला, त्यात ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, दोघं पण दिसायला सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनाच्या काट्यासाठी दोघं सारखे, चरबीच्या हिशोबात दुपटीपेक्षा जास्त फरक. आपल्या लोकांचं हे असं आहे, हातपाय काडीसारखे, दंडावर मांस नाही आणि पोट मात्र सदऱ्याच्या गुंड्या ताणतंय. याज्ञिकांचं म्हणणं की ह्याची सुरुवात आईच्या पोटातच होते, भारतीय बाळ जन्मताना वजनानं कमी असतं पण त्यात चरबी टिकून असते, कमी पडतं ते मांस. पिढ्यान् पिढ्या दुष्काळ बघितलेल्या आपल्या भागाला हे किती लागू असेल ते तुम्हीच ठरवा.

म्हणून भारतीयांसाठी मापं वेगळी ठेवलीत. बाहेरच्या देशात बीएमआय ३० ला लठ्ठ म्हणतात, आपल्याकडं २५ लाच, आणि २३ पासून वजन जास्त धरतात. हिशोब करून बघा, किलोमधलं वजन भागिले मीटरमधली उंची दोनदा. १६५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण पाच फूट पाच इंच उंचीचा माणूस, वजन ६८ किलो, त्याचा बीएमआय आला २५. ह्या माणसाला गावात कुणी जाड म्हणेल का? उलट पाहुणे म्हणतील वाळलास की रे. गोऱ्या लोकांच्या मापानं तो ८२ किलोला लठ्ठ होतो, आपल्या मापानं ६८ लाच. आणि बीएमआयपेक्षा सोपं म्हणजे शिंप्याची टेप घ्या आणि कंबर मोजा, पँट बांधतो तिथं नाही, बेंबीच्या आसपास, श्वास सोडून. पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर गेली की आत चरबी जमलेली आहे असं धरायचं. आयसीएमआर-इंडियाबचा मोठा सर्वे २०२३ ला आला त्यात देशात १० कोटीच्या वर लोकांना शुगर आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोकं काठावर असं निघालं, आणि पोटाचा लठ्ठपणा जवळपास ४० टक्के लोकात. बीएमआयनं मोजला तर तोच लठ्ठपणा २८.६ टक्के. मधला जो फरक आहे ती आपली हडकुळी पोटवाली मंडळी.

आता येऊ शुगरवर.

पहिली शुगर जुनी. ती कळते एचबीए१सी नावाच्या टेस्टनं, मागच्या दोन-तीन महिन्याची सरासरी. इंग्लंडमधे ६ कोटी १० लाख लोकांचा सरकारी डेटा बघितला, तिथं पहिल्या लाटेत दवाखान्यात कोरोनानं गेलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना शुगर होती. वय वगैरे वजा करून टाईप २ वाल्यांना, म्हणजे मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या शुगरवाल्यांना, धोका दुप्पट आणि टाईप १ वाल्यांना, ज्यांच्या अंगात इन्सुलिनच बनत नाही, साडेतीन पट. आणि टाईप २ वाल्यातच बघितलं तर ज्यांची एचबीए१सी १० च्या वर त्यांना साडेसहा-सात वाल्यांपेक्षा १.६ पट धोका. म्हणजे जुनी शुगर जास्त तेवढा धोका जास्त, सरळ आहे. पण वरचा तो फ्रान्सचा अभ्यास काय म्हणाला? त्यात एचबीए१सी चा काही संबंधच निघाला नाही, ७ वाला आणि १० वाला, व्हेंटिलेटर किंवा मृत्यू सारखाच. लोकांनी ह्यावरून लई भांडणं केली, "बघा कंट्रोल ठेवून काही उपयोग नाही". तसं नाही. इंग्लंडनं सगळा देश मोजला, घरी बसलेले सुद्धा. फ्रान्सनं फक्त तेच मोजले जे ॲडमिट होण्याइतके आजारी झालेले. खराब शुगरचा एक मोठा तोटा हा की माणूस ॲडमिट व्हायच्या पायरीवर येतो, आणि एकदा दवाखान्याच्या आत आला की सरासरीपेक्षा दुसऱ्या गोष्टी जास्त भारी पडतात. त्याच फ्रेंच अभ्यासात दोन गोष्टी भारी पडलेल्या दिसल्या, ज्यांचे शुगरनं डोळे-किडनी-हृदय आधीच खराब झालेले होते त्यांच्यात मृत्यू जास्त, आणि ॲडमिट होताना ज्यांची शुगर वाढलेली होती त्यांचं जास्त बिघडलं.

हीच दुसरी शुगर, ॲडमिट झाल्या दिवशीची, आणि इथं लॅबवाल्याचं काम सुरू होतंय. आपल्याकडं हजारो माणसं अशी होती की ज्यांनी आयुष्यात शुगर तपासलीच नव्हती, "मला काही नाही, मी शेतात राबतो". कोरोनानं ॲडमिट झाले आणि पहिल्या रिपोर्टला शुगर २८०. आता हे कुठून आलं? दोन रस्ते आहेत. एक, ती आधीपासूनच होती आणि कुणाला माहीत नव्हती. दोन, ताप, ऑक्सिजन कमी, शरीरावर ताण, त्या ताणानं ॲड्रेनलीन, कॉर्टिसॉल वाढतं आणि ते शुगर वर चढवतं. हे वेगळं करायचं असेल तर एचबीए१सी लावायची, साडेसहाच्या वर आली तर शुगर जुनीच आहे, फक्त आज पकडली गेली. खाली आली आणि रँडम, म्हणजे त्या वेळी काढलेली शुगर, मात्र जास्त, तर ताणाची समजा. फक्त हिमोग्लोबिनकडं बघून घ्या, आपल्या बायकांत रक्त कमी असणं एवढं कॉमन आहे की लोह कमी असलेल्या बाईची एचबीए१सी खोटी वाढलेली पण येऊ शकते.

आणि ताणाची असली म्हणून ती साधी नाही बरं. अमेरिकेत ८८ दवाखान्यातले ११२२ पेशंट बघितले, ज्यांना शुगर होती किंवा दवाखान्यात ती वाढलेली राहिली त्यांच्यात मृत्यू २८.८ टक्के, बाकीच्यांत ६.२. पण धक्का पुढं आहे. ह्या पहिल्या गटातच ज्यांना शुगरचा आजार पक्का माहीत होता त्यांच्यात मृत्यू १४.८ टक्के, आणि ज्यांना शुगर असल्याचा काहीच पुरावा नव्हता पण दवाखान्यात ती वाढत राहिली त्यांच्यात ४१.७ टक्के. ज्याच्याकडं गोळ्याची पिशवी होती त्याच्याकडं लक्ष गेलं, ज्याच्याकडं नव्हती त्याची शुगर तशीच राहिली असं एक कारण असू शकतं, दुसरं कारण असं की जो जास्त सीरियस त्याचीच शुगर ताणानं चढते. दोन्ही खरं असेल. पण काही झालं तरी "मला शुगर नाही" असं म्हणणाऱ्याची रोज दोन-चार वेळा शुगर तपासायला पाहिजे होती ही गोष्ट त्या आकड्यात स्पष्ट दिसते.

चीनच्या हुबे प्रांतातला अभ्यास पण इथं सांगायला पाहिजे, ७३३७ पेशंट, त्यातले ९५२ टाईप २ शुगरवाले. दवाखान्यात असताना ज्यांची शुगर ७० ते १८० च्या मधे राहिली त्यांच्यात मृत्यू १.१ टक्के, ज्यांची त्याच्या वर जात राहिली त्यांच्यात ११ टक्के. दहा पट. आता हा आकडा बघून लगेच उड्या मारू नका, ज्यांचं आजारपण हलकं त्यांची शुगर आपोआप कंट्रोलमधे राहते, त्यामुळं सगळं श्रेय इन्सुलिनला देता येत नाही. त्यांनी वय-आजार जुळवून पण तुलना केली, तरी फरक बराच राहिला.

तिसरी शुगर स्टेरॉईडची. जून २०२० मधे इंग्लंडच्या रिकव्हरी ट्रायलचा निकाल आला आणि डेक्सामेथासोन नावाचं जुनं, दहा-वीस रुपयातलं औषध हीरो झालं. रोज ६ मिलीग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्यांत मृत्यू ४१ वरून २९ टक्क्यावर आले, ऑक्सिजनवरच्यांत २६ वरून २३ वर. पण ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना फायदा शून्य, उलट आकडा थोडा वाईटाकडंच झुकलेला. म्हणजे औषध चांगलं, पण कुणाला, किती, किती दिवस हे तिन्ही पाळलं तर. आपल्याकडं काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे. ताप आला की तिसऱ्या दिवशी मेडिकलवरून गोळ्या, घरी, ऑक्सिजन ९८ असताना, कुणी पाच दिवस कुणी वीस दिवस. स्टेरॉईड लिव्हरला साखर बनवायला लावतं आणि इन्सुलिनला चालू देत नाही, शुगरवाल्याची १६० ची शुगर ४०० ला जाते, काठावर असलेला रातोरात शुगरवाला होतो. आणि घरी असलेल्या पेशंटची तपासली तर सकाळी उपाशीपोटी तपासायचे, ती बऱ्याचदा ठीक यायची, कारण सकाळी घेतलेल्या स्टेरॉईडनं शुगर चढते दुपारच्या जेवणानंतर ते रात्रीपर्यंत. रिपोर्ट नॉर्मल म्हणून माणूस निवांत आणि संध्याकाळी साडेतीनशे.

म्युकर ह्यातूनच आला. काळी बुरशी म्हणून ज्याला घाबरलो ती बुरशी मातीत, शेणखतात, कुजलेल्या पाल्यात सगळीकडंच असते, तिचे कण आपल्या नाकात रोज जातात आणि धडधाकट माणसाला काही होत नाही. शुगर लई वाढली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात, त्यात रक्त आम्लाकडं झुकलं की शरीरानं बांधून ठेवलेलं लोह सुटं होतं आणि ह्या बुरशीला तेच पाहिजे असतं, वर स्टेरॉईडनं प्रतिकारशक्ती दाबलेली. सगळं जुळून आलं. गालावर सूज, एका बाजूचं नाक बंद, दात हलायला लागले, डोळा सुजला, असे पेशंट कोरोनातून घरी येऊन पंधरा दिवस झाल्यावर परत घाटीकडं, अंबाजोगाईकडं, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यांकडं निघाले. मे २०२१ ला केंद्रानं राज्यांना सांगितलं की प्रत्येक म्युकर पेशंट कळवणं बंधनकारक करा, आणि ॲम्फोटेरिसिन ह्या बुरशीवरच्या औषधासाठी रेमडेसिविरसारखीच पळापळ झाली. ज्यांचा वरचा जबडा काढावा लागला त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची गोष्ट एका न तपासलेल्या संध्याकाळच्या शुगरपासून सुरू होते असं मला वाटतं, हे माझं मत आहे.

मग दवाखान्यात करायचं काय असतंय? साधारण १४० ते १८० मधे शुगर ठेवायची, त्याच्या फार खाली ओढायची नाही कारण ऑक्सिजनवरच्या अर्धवट शुद्धीतल्या पेशंटची शुगर ५० झाली तर तो सांगू पण शकत नाही. आणि ते इन्सुलिननंच, गोळ्यांनी नाही. इथं आपली सगळ्यात मोठी अडचण, "एकदा इन्सुलिन लागलं की जन्मभर सुटत नाही". अहो काकांनो, गोळी असर करायला दिवस घेते, पेशंट जेवतोय किती त्याचा पत्ता नाही, किडनी कशी चालली माहीत नाही, अशा वेळी तासाच्या हिशोबानं कमीजास्त करता येणारी गोष्ट एकच आहे. स्टेरॉईड बंद झाल्यावर कितीतरी जणांचं इन्सुलिन सुटलं, काहींची तर गोळी पण सुटली.

आणि घरच्या गोळ्यांची पिशवी सोबत न्याच, पण आपल्या मनानं उशाखालून द्यायची नाही. मेटफॉर्मिन ऑक्सिजन घसरलेल्या, किडनी दबलेल्या पेशंटला थांबवतात. नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन येतं अशा शुगरच्या गोळ्या, डॅपाग्लिफ्लोझिन वगैरे, पेशंट जेवत नसेल तर त्यानं शुगर नॉर्मल दिसत असताना रक्त आम्लाकडं जाऊ शकतं, ग्लुकोमीटर १७० दाखवतोय म्हणून कुणाला शंका येत नाही आणि पेशंट मात्र धापत असतो, सगळे समजतात न्यूमोनियाच वाढला. त्यामुळं ॲडमिट करताना केसपेपरवाला विचारो न विचारो, तीन गोष्टी सांगायच्या, कोणत्या गोळ्या, शेवटची कधी घेतली, आणि पेशंट किती जेवलाय. टाईप १ वाला असेल, लहानपणापासून इन्सुलिनवर असलेला, तर त्याचं इन्सुलिन जेवला नाही म्हणून पूर्ण बंद करायचं नसतं हे पण ओरडून सांगा. आणि डब्याचं बघा, ऑक्सिजनवरच्या शुगर पेशंटला अशक्तपणा आलाय म्हणून नारळपाणी, चिकू, ग्लुकोजचं पाणी, वर शिरा, हे प्रेमानं होतं मला कळतंय, पण भाकरी-वरण, अंडं, मटकीची उसळ पाठवली तर जास्त कामाची.

हे फक्त कोरोनाचं आहे असं पण नाही, आता कोरोना लसीमुळं आणि आधी होऊन गेल्यामुळं बराच हलका झालाय, पण फ्लूचा न्यूमोनिया झालेला पोटवाला पेशंट असाच धापतो आणि स्टेरॉईडनं शुगर तशीच चढते.

राहिलं ते घरी आल्यावरचं. ज्यांची शुगर दवाखान्यात पहिल्यांदा सापडली त्यातल्या बऱ्याच जणांनी कोरोना गेला म्हणजे शुगर पण गेली असं धरून टाकलं. काहींची खरंच गेली, ताणाची आणि स्टेरॉईडची होती. काहींची आधीपासून होती, ती तिथंच बसलीय, लघवीला रात्री दोनदा उठतात आणि वयामुळं होतंय म्हणतात. हे नुसतं अंगावरून कळत नाही, म्हणून डिस्चार्जनंतर तीन महिन्यांनी एकदा एचबीए१सी करायची, आणि नॉर्मल आली तरी वर्षातून एकदा. तिला उपाशी यावं लागत नाही, दिवसातल्या कोणत्या पण वेळेला देता येते, त्यामुळं आठवडी बाजाराला तालुक्याला आलात आणि वाटेत भजे खाऊन झाले असले तरी चालतंय.